इंग्लंडच्या खेड्यात निवृत्त माणसं दिवसभर करतात तरी काय?

प्रश्न असा आहे: "आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे श्रॉपशरच्या खेड्यात येऊन राहायचं म्हणतायत. इथली निवृत्त मंडळी पक्षी मोजतात, जॅम करतात आणि हवेबद्दल बोलतात, एवढंच मला दिसतं. एवढ्या रिकामपणात आई-बाबा वेडे होणार नाहीत का?"

पहिलं म्हणजे जॅम नव्हे, मार्मलेड: संत्र्याचा रस आणि साल साखरेत जुळवून केलेलं. दुसरं म्हणजे ते रिकामपण नव्हे. जानेवारीत इथं सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. नेमकी तेव्हाच स्पेनमधल्या सेव्हिलची कडू संत्री दुकानात येतात आणि चार-सहा आठवड्यांत गायब होतात. वर्षभराच्या बरण्या तेवढ्या मुदतीत भरून घ्याव्या लागतात. हा उद्योग आहे, आणि तो अर्धवट माहितीवर केला की काय होतं ते सांगते, कारण आमच्या नागपूरच्या जाऊबाईंशी माझा याच विषयावर गेली कित्येक वर्षं फोनवरून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, "तो कडू मोरंबाच की. आपली संत्री घ्यायची, साखर घालायची, एकतारी पाक झाला की उतरवायचं." यातलं एकही वाक्य बरोबर नाही.

नागपुरी संत्रं खायला उत्तम. पण ते मँडरिन जातीचं फळ, पातळ सालीचं, गोड. मार्मलेड घट्ट होतं ते आंबटपणा आणि पेक्टिन (फळातला चिकट, जुळवून आणणारा घटक) यांच्या जोरावर. सेव्हिलच्या फळात दोन्ही भरपूर, म्हणून तर ते तसं खाववत नाही. शिवाय बिया इतक्या की एका फळातून मूठभर निघतात, आणि खरा माल त्या बियांतच आहे.

प्रमाण: एक किलो सेव्हिल संत्री, एक मोठं लिंबू, अडीच लिटर पाणी, दोन किलो साधी दाणेदार साखर. यात ४५० ग्रॅमच्या सात-आठ बरण्या होतात. पेक्टिन घातलेली जॅमची साखर मिळते, ती घेऊ नका. या फळाला तिची गरज नाही आणि मार्मलेड रबरासारखं होतं. ब्राऊन साखरेनं रंग येतो पण संत्र्याचा वास दबतो. गडद रंग हवाच असेल तर शेवटी चमचाभर ट्रीकल, म्हणजे इथली काळी काकवी, पुरे.

फळं अर्धी चिरून रस काढा. बिया आणि आतले पापुद्रे चमच्यानं खरवडून स्वच्छ पंचाच्या तुकड्यात बांधा. पुरचुंडी सैल ठेवा, बिया फुगतात. सालीचा पांढरा भाग सगळा काढून टाकू नका, तो शिजून पारदर्शक होतो. साल साधारण तीन मिलिमीटरच्या काड्यांत चिरा. सगळ्या एकाच जाडीच्या हव्यात. जाड आणि बारीक एकत्र असल्या तर बारीक विरघळेपर्यंत जाड कच्च्याच राहतात. साल, रस, पुरचुंडी आणि पाणी रात्रभर ठेवा.

सकाळी हे मंद आचेवर दोन तास. झाकण अर्धवट, कारण पाणी आटायला हवं: मूळ उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर आलं पाहिजे. साल शिजली का, हे घड्याळावर ठरवू नका. एक काडी काढा, गार होऊ द्या, अंगठा आणि तर्जनीत दाबा. तिचा लगदा झाला पाहिजे. "जरा चावायला लागते, पण पुढे शिजेल" असं वाटलं की तिथंच घात होतो, कारण साखर पडल्यानंतर साल पुढे मऊ होत नाही. उलट घट्ट होते. मोरंब्याची सवय असलेल्या प्रत्येकाकडून हीच चूक होते. कैरी पाकात शिजते, म्हणून संत्र्याची सालही शिजेल असं वाटतं. नाही शिजत. जाऊबाईंची बरणी मी खाल्ली आहे. पाक सुरेख होता आणि त्यात काथ्या होता.

आता पुरचुंडी बाहेर काढून, हात पोळणार नाही इतकी निवली की ताटलीत घट्ट पिळा. साबुदाण्याच्या खिरीसारखा दाट चीक येतो. तोच पेक्टिन. चीक येईनासा होईपर्यंत पिळायचा आणि सगळा परत भांड्यात. हे न करता पुरचुंडी फेकून देणारे लोक मग "आमचं सेट होत नाही" म्हणतात.

साखर घालताना गॅस अगदी मंद. डाव तळाशी फिरवल्यावर खरखर वाजत असेल तोवर उकळी येऊ द्यायची नाही. दाणे राहून उकळलं तर महिन्याभरात बरणीत खडे धरतात. साखर पूर्ण विरघळली की मग मात्र मोठी आच. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरलेलं नको, हा फेस दुपटीनं वर येतो आणि दूध उतू गेलेलं पुसणं परवडलं म्हणायची वेळ येते. दोन किलो फळांचं एकदम करू नका, दोन घाणे करा. मोठा घाणा तापमानाला यायला वेळ लावतो, आणि फार वेळ उकळलं की पेक्टिन मोडतं. मग तुम्ही आणखी उकळत बसता, ते आणखी मोडतं, आणि शेवटी हाती चिकट काकवी लागते.

इथं तारेचा मुद्दा. तार साखरेचं प्रमाण सांगते. पेक्टिन जुळलंय की नाही हे ती सांगत नाही. म्हणून दोन परीक्षा. एक, थर्मामीटर: १०४.५ अंश सेल्सियस. पण आधी तो उकळत्या साध्या पाण्यात बुडवून बघा. तुमचं गाव टेकडीवर असेल किंवा थर्मामीटर स्वस्तातला असेल तर तो ९९ दाखवेल. मग तुमचं लक्ष्य १०३.५. पाणी जिथं उकळतं त्याच्यावर साडेचार अंश, एवढं धरून चला. दुसरी परीक्षा बशीची: फ्रीझरमध्ये तीन-चार बशा आधीच ठेवा, चमचाभर मिश्रण टाका, मिनिटभर थांबा, बोटानं ढकला. पृष्ठभागावर सुरकुती पडली की झालं. हे बघत असताना गॅस बंदच करायचा. तुम्ही बशीपाशी उभे असता आणि मागे भांडं पुढे निघून गेलेलं असतं.

साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटांत ही अवस्था येते. सुरुवातीचा बारीक फेस जाऊन बुडबुडे मोठे, आळशी झाले की जवळ आलं समजा. फेस राहिलाच तर लोण्याचा छोटा गोळा घालून एकाच दिशेनं ढवळा.

लगेच बरण्या भरू नका. पंधरा मिनिटं तसंच ठेवून एकदा ढवळा आणि मग भरा. गरमागरम भरलं तर सगळी साल वर तरंगते आणि खाली नुसती जेली राहते. बरण्या धुऊन १४० अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं, म्हणजे त्याही गरम असतात आणि तडकत नाहीत. काठोकाठ भरा आणि झाकण ताबडतोब घट्ट लावा. कोमट झाल्यावर झाकण लावलं की आत वाफेचं पाणी सुटतं आणि बुरशी येते.

संत्री खूप मिळाली तर अख्खी फ्रीझरमध्ये टाका. गोठवल्यानं पेक्टिन थोडं उतरतं, म्हणून अशा वेळी किलोऐवजी अकराशे ग्रॅम घ्या. प्रेशर कुकरही चालतो, आणि आपल्या घरी तो असतोच: अख्खी फळं, लिटरभर पाणी, कुकर निम्म्याच्या आत, पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्यायची. मग चिरायचं, बिया-पापुद्रे वेगळे काढून त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळून पिळायचे. पाणी आटत नाही म्हणून ते आधीच कमी. कुकर स्टीलचा हवा. ॲल्युमिनियमला आंबट लागतं आणि मार्मलेडला धातूची चव येते.

तर हा झाला जानेवारी. याच महिन्याच्या अखेरीस आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेची बागेतल्या पक्ष्यांची गणना असते, १९७९ पासून. त्यातही लोक चुकतात: तासभरात दिसलेले सगळे पक्षी मिळवायचे नसतात. एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त किती, तो आकडा लिहायचा. नाहीतर एकच रॉबिन आठ वेळा मोजला जातो. पक्ष्यांना घालायच्या दाण्याचं भांडं आठवड्याला धुवा, घाण भांड्यातून फिंच जातीच्या छोट्या पक्ष्यांना रोग लागतो.

मग अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा. पूर्ण वाफा दहा पोल (जुनं माप), म्हणजे अडीचशे चौरस मीटर. साठीनंतर तो घेऊ नका, अर्धा मागा. अर्ध्यावरही तण तुम्हाला पुरून उरतं. प्रतीक्षायादी असते, म्हणून घर घेतल्याच्या दिवशीच पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीकडे, नाव द्या. रनर बीन्स नक्की लावा, आपल्या फरसबीसारखी भाजी होते. आठ फुटी बांबू, दोन ओळींत साठ सेंटिमीटर अंतर, रोपांत पंधरा. मेच्या अखेरीपर्यंत बाहेर लावू नका, एका रात्रीच्या दंवानं काळी पडतात. दर दोन-तीन दिवसांनी तोडल्या नाहीत तर शेंगा दोरासारख्या होतात आणि वेल नवीन धरायचं सोडतो.

आणि मग उन्हाळ्याच्या शेवटी गावचा शो, म्हणजे घरच्या पदार्थांची आणि भाज्यांची स्पर्धा. मार्मलेड, केक, शेंगा, कांदे, सगळं टेबलावर. इथं चवीच्या आधी नियम बघतात. बरणीवर किंवा झाकणावर कुठल्याही कंपनीचं नाव नको. झाकण नवं. लेबलवर फळाचं नाव आणि पूर्ण तारीख, दिवस-महिना-वर्ष. पत्रिकेत सहा शेंगा म्हटलंय तर सहाच. चुकलात तर कार्डावर तीन अक्षरं येतात, एनएएस, म्हणजे नॉट ॲज शेड्यूल, आणि परीक्षक चाखतसुद्धा नाहीत. माझी एक बरणी झाकणावरच्या लोणच्याच्या नावामुळे अशी गेली. मला त्याचं अजून वाईट वाटतं, पण नियम बरोबर आहे. कांद्याच्या माना एकसारख्या बांधणारी ऐंशीची माणसं बघितलीत की रिकामपण वगैरे शब्द सुचणार नाहीत.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: आई-बाबा वेडे होतील की नाही हे छंदांवर कमी आणि गाडीवर जास्त अवलंबून आहे. दोघांपैकी एकालाही इथं गाडी चालवता येत नसेल तर त्यांना खेड्यात ठेवू नका, जवळच्या बाजारपेठेच्या गावात ठेवा. खेड्यातली बस दिवसातून दोन-तीनदा येते, रविवारी बहुधा येतच नाही. पेन्शनच्या वयाच्या रहिवाशांना बसपास फुकट असतो, पण सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतरच. दवाखान्याची नऊची वेळ मिळाली की त्याचा उपयोग शून्य. चालायची आवड असेल तर मात्र चैन आहे: ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा नकाशा घ्या, त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हिरव्या तुटक रेषेची पायवाट थेट शेतकऱ्याच्या शेतातून जाते आणि तिथून जाण्याचा तुम्हाला हक्क असतो. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला.

हे आधी सांगायला हवं होतं: कायमचं आणणं सोपं नाही. वयस्कर आई-वडिलांच्या व्हिसाचे नियम २०१२ साली फार कडक झाले. रोजच्या देखभालीवाचून चालतच नाही आणि ती देखभाल भारतात मिळू शकत नाही, असं दाखवावं लागतं. धडधाकट माणसांना तो मिळत नाही. पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येतं, पण मग पासही नाही आणि अलॉटमेंटही नाही. सहा महिने आणायचेच असतील तर एप्रिल ते सप्टेंबर. जानेवारीत आणलंत तर स्वयंपाकघर त्यांच्या हातात द्या आणि बाजूला व्हा. आणि बाबांना मधुमेह असेल तर वरच्या दोन किलो साखरेचा हिशेब त्यांच्या डॉक्टरांशी करा. साखर निम्मी करून मार्मलेड जुळत नाही आणि टिकतही नाही.

परत जाताना बरणी चेक-इन सामानात, टॉवेलमध्ये गुंडाळून. सुरक्षा तपासणीत मार्मलेड द्रवात धरतात, अनेक विमानतळांवर हातातल्या बॅगेतली काढून घेतात. जाऊबाईंसाठी यंदा दोन निघाल्या आहेत.