ब्रेसेस काढल्यावर रिटेनर लावावाच लागतो का?

हो, सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा हा काढता-घालता येणारा साचा लावावाच लागतो. खरं तर हे ब्रेसेस लावायच्या आधीच विचारायला हवं, पण आपल्याकडे लोक खर्च किती नि महिने किती एवढंच विचारतात. तारेच्या दाबाने दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं, तेव्हा कुठे दात सरकतो. ते नवीन हाड पक्कं व्हायला वेळ लागतो आणि हिरडीतले तंतू दाताला परत जुन्या जागी ओढतच असतात. म्हणून सुरुवातीला रिटेनर बहुतेक वेळा दिवसरात्र लावायचा, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायचा, नंतर डॉक्टर सांगतील तसा रात्री. गरम पाण्याने धुवू नका, वाकडा होतो. आणि हॉटेलात टिश्यूत तर गुंडाळूच नका, वेटर खरकट्या प्लेटसोबत उचलून नेतो!