एकच गांडूळखत, तीन भातवाण: मात्रा सारखी नको

प्रश्न: उंच सुवासिक, बुटका सुधारित आणि संकरित असे तीन भात तीन खाचरांत लावले. पहिल्या चिखलणीआधी तिन्हींत एकरी 2 टन गांडूळखत टाकले, दुसरे काही नाही. सुधारित बरा आहे. संकरित पिवळा पडला, फुटवेही कमी. सुवासिकाला पोटरीच्या (लोंबी पोटात असण्याच्या) सुमारास आणखी टनभर दिले, तो लोळला. चुकले कुठे?

उत्तर: आधी खताचा हिशेब. गांडूळखतात दीड टक्का नत्र म्हणतात, तो वाळलेल्या वजनावर. पोत्यात 30 टक्के ओल असेल तर टनामागे नत्र उरतो साधारण 10 किलो. त्यातलाही निम्मा किंवा त्याहून कमीच या हंगामात पिकाला मिळतो. म्हणजे 2 टनांतून जेमतेम 10 किलो. संकरित भाताची भूक एकरी 45-50 किलोंची. तो पिवळा पडणारच. सुवासिक उंच वाणाला मात्र 15-20 किलो पुष्कळ. त्याचे ताट मुळात लांब आणि कमजोर, त्यात पोटरीला नत्र मिळाला की लोंबीचा भार पेलत नाही. करपा रोगालाही तेवढेच निमित्त पुरते.

पुढच्या हंगामात सुवासिकाला 1 ते दीड टन एकदाच द्या, नंतर काही नको. सुधारिताला दीड टन शेवटच्या चिखलणीला आणि लावणीनंतर 20-25 दिवसांनी, फुटव्यांच्या वेळी, 1 टन. संकरिताची भूक एकट्या गांडूळखताने भागवायला जाऊ नका, ते परवडत नाही. लावणीआधी सहा ते आठ आठवड्यांचा धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) चिखलात गाडा आणि वर 2 टन गांडूळखत सुधारितासारखेच विभागून द्या.

पहिल्या चिखलणीआधी खत टाकले, तिथे आणखी नुकसान झाले. पक्व गांडूळखतातला बराच नत्र नायट्रेटच्या रूपात असतो. हवा नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा वायू करून उडवतात. शिवाय कोरडे खत पाण्यावर तरंगते आणि सांडव्यावाटे निघून जाते. म्हणून शेवटच्या चिखलणीला पाणी बोटभर ठेवून खत पसरा, फळी फिरवून चिखलात मिसळा, दुसऱ्या दिवशी लावणी करा. बांध आठवडाभर फोडू नका. फुटव्यांच्या वेळी देताना आधी पाणी काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा भरा.

खत मुठीत धरून पाहा: गरम लागले, शेणाचा वास आला किंवा काडीकचरा ओळखू आला तर ते कच्चे. पाण्याखाली ते कुजते आणि मुळे काळी पडतात. खत चाळूनच टाका. त्यातली गांडुळे साचलेल्या पाण्यात तगत नाहीत, ती खताच्या गादीवरच (जिथे खत तयार होते तिथे) ठेवा.

पिवळेपणाही नीट बघा. जुनी पाने शेंड्याकडून सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत पानांवर तांबूस गंजासारखे ठिपके आले तर तो खैरा, म्हणजे जस्ताची कमतरता. तिथे गांडूळखत वाढवून उपयोग नाही. एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्यावे. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर आधी प्रमाणीकरण संस्थेची परवानगी घ्यावी.