सगळ्यांचं झालं की मी जेवतो

कळव्याचे एक वाचक लिहितात: दारूपायी बायकोचे दागिने विकले, काही वर्षं घर सोडलं. आता दारू सुटलीय, घरी परतलोय, कन्फेशनही केलं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली दिली. तरी मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो, कम्युनियनला, म्हणजे प्रार्थनेत पवित्र भाकर घ्यायला, उठत नाही. प्रॉटेस्टंट मित्र म्हणतो, तारण केवळ कृपेनं. आई म्हणायची, प्रायश्चित्त हवंच. देवानं मला स्वीकारलं हे ओळखायचं कसं?

दादा, मित्राचं आणि आईचं भांडण मी लांबवत नाही. माणसाला देव स्वीकारतो ते कृपेनं, त्याच्या कर्तबगारीवर नव्हे, हे कॅथलिक आणि ल्युथरन (प्रॉटेस्टंटांमधला एक पंथ) मंडळींनी 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये एकत्र सह्या करून मान्य केलंय. तुमचं घोडं अडलंय दुसरीकडेच. पत्राच्या शेवटी घाईत लिहिलंय, 'रात्री सगळ्यांचं झालं की मी स्वयंपाकघरात एकटा जेवतो, मला तेच बरं वाटतं.'

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, 15व्या अध्यायातला उधळ्या मुलगा आठवा, बापाकडून वाटणी घेऊन ती परदेशी उडवून बसलेला. घरी निघताना तो बोलणं जुळवून ठेवतो: बाबा, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. तो दूर असतानाच बाप धावत जातो. मुलगा बोलू लागतो, पण मोलकऱ्याची विनवणी राहूनच जाते. बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो, मेजवानी मांडतो. तुम्ही मात्र मोलकरी होऊनच घरात राहताय. हा दाखला येशूनं सांगितला तोही एका कुरकुरीवर: हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो!

मला याला नम्रता म्हणवत नाही. फादरांनी देवाच्या नावानं दिलेली क्षमा अपुरी आहे हे तुम्हीच ठरवलंत, शिक्षाही तुम्हीच ठरवलीत. बायकोला काय हवंय, यावर अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. तिनं दार उघडलं, आणि तुम्ही रोज तिच्या पंगतीतून उठून जाता.

दागिन्यांचे पैसे जरूर फेडा. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानंही लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, पण येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तो त्याआधी.

आज रात्री सगळ्यांबरोबर ताट घ्या. जेवताना माफी मागू नका, दागिन्यांचा विषय काढू नका. मुलीला कॉलेजचं विचारा. आणि येत्या रविवारी कम्युनियनची रांग लागली की बायकोबरोबर उठा.