गुप्तहेरपटातील प्रमुख स्त्री व्यक्तिरेखा नेमकी कशामुळे प्रमुख ठरते?

आपण प्रश्नाला अशी पुस्ती जोडली आहे की, तिला मारामारी आलीच पाहिजे का, आणि जी केवळ नायकाची प्रेयसी आहे तिला प्रमुख म्हणावे का. दोन्हींना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. हेरगिरीच्या गोष्टीत माहिती हेच खरे धन असते. ते जिच्या हातातून जाते आणि पुढे पाठवायचे की नाही हे जिला एकटीला ठरवावे लागते, ती प्रमुख. बाकीच्या कितीही देखण्या असोत आणि पडद्यावर कितीही वेळ असोत, त्या शोभेच्या. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगायचे, तर थोडे घरातले सांगावे लागेल.

1980 च्या दशकात मी कोकणातील एका तालुक्याच्या गावी टपाल कचेरीत पोस्टल सिग्नलर होते. साउंडरचे, म्हणजे तारयंत्राच्या खटक्याचे, कडकट्ट कानांनी टिपायचे, डोक्यात अक्षरे जुळवायची आणि तारेच्या फॉर्मवर उतरवायची, हे माझे काम. माझे धाकटे दीर त्याला ‘दुसऱ्याचे निरोप वाहण्याची हमाली’ म्हणत, आणि आजही म्हणतात. ते बॉण्डपटांचे निस्सीम भक्त असल्यामुळे, निरोप पाठवणारे माणूस त्यांच्या लेखी माणसात जमा नाही. गाडी कड्यावरून उडवील तो खरा.

2018 च्या मे महिन्यात ‘राझी’ प्रदर्शित झाला, तेव्हा भाऊजी, यजमान आणि मी पुण्यात एकत्र पाहायला गेलो. 1971 च्या युद्धाच्या आधी दिल्लीत शिकणारी एक काश्मिरी मुलगी पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्याच्या घरात हेर म्हणून राहते, ही कथा आपल्याला ठाऊक असेलच. पडद्यावर मोर्सची की, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांनी संदेश पाठवण्याची कळ, वाजू लागली आणि खुर्चीच्या हातावर माझे बोट आपोआप चालू लागले. भाऊजी शेजारून कुजबुजले, “वहिनी, ड्यूटी संपली तुमची.” ते मी हसून सोडून दिले. मध्यंतरात मात्र त्यांनी निकाल दिला की ही कसली नायिका, ही तर घरभेदी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. आणि वर रडते. पुढे त्या मुलीच्या हातून तिच्या मोठ्या दिराचा जीव जातो, त्या वेळी भाऊजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मला बत्तीस वर्षांपासून ओळखीची होती.

1986 चा जून होता. दुपारी सव्वाचारच्या सुमारास मुंबईहून आलेल्या तारा घेत असताना एका तारेवर आमचाच पत्ता उतरू लागला. सासूबाईंच्या नावे होती, त्यांच्या थोरल्या भावाविषयी: ‘ब्रदर सीरियस स्टार्ट इमीजिएटली’. त्या काळात तारेतले ‘सीरियस’ म्हणजे माणूस गेलेले असते, हे शेंबड्या पोरालाही कळत असे. मी फॉर्म पुरा केला, वेळ टाकली, पाकीट बंद करून बटवड्याच्या खणात ठेवले. तारवाला आधीच्या दोन तारा घेऊन खाडीपलीकडच्या वाडीत गेला होता. पाच वाजता चार्ज देऊन मी घरी निघाले.

सासूबाई पडवीत आठळ्या सोलत बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, “आलीस? चहा ठेव, आणि दादाला चार ओळी लिहून दे. फणसपोळी वाळली की पाठवते म्हणावे.” त्यांना लिहिता येत नसे, त्यामुळे त्यांची पत्रे मीच लिहीत असे. मी चहा ठेवला, अंतर्देशीय पत्र उघडले आणि ‘तीर्थस्वरूप दादा यांस शिरसाष्टांग नमस्कार’ लिहिले. पुढे पाऊस कसा आहे, गाय कधी विणार आहे, फणसपोळी किती पाठवू, असे सगळे त्या सांगतील तसे लिहिले. हात जराही कापला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. पत्राची शेवटची घडी घालते आहे तोच दारात सायकलची घंटा वाजली.

भाऊजी तेव्हा कॉलेजात होते. पाकीट त्यांनीच फोडले. मजकूर वाचून ते एक क्षण थांबले, मग त्यांनी तारेच्या फॉर्मवरचे अक्षर पाहिले आणि त्यानंतर माझ्या हातातल्या पत्राकडे. एक इंग्रजीत होते आणि दुसरे मराठीत, पण आकडे, पत्त्याची मांडणी आणि रेघ ओढण्याची लकब एकाच हाताची होती. ते काही बोलले नाहीत. तेराव्यानंतर बोलले: “तुम्हाला ठाऊक होते, आणि तुम्ही आईला पत्र लिहू दिलेत.” मी 1885 च्या तार कायद्याकडे बोट दाखवले, कारण तारेतला मजकूर कर्मचाऱ्याने फोडणे हा त्या कायद्याखाली गुन्हा होता. कायदा त्यांना पटला नाही, आणि सासूबाईंनी तर मला कधी काही विचारलेच नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. हिचकॉकचा ‘नटोरियस’ हा 1946 चा चित्रपट मी निवृत्तीनंतर एका चित्रपट मंडळात पाहिला. त्यातली नायिका एका नाझी हेराची मुलगी. अमेरिकेसाठी हेरगिरी करताना रिओ द जानिरोमध्ये ती वडिलांच्या जुन्या स्नेह्याशी लग्न करते. त्या घरात मेजवानी चालू असते आणि कॅमेरा वरच्या मजल्यावरून एकाच ओघात खाली उतरत थेट तिच्या मुठीशी येतो. मुठीत तळघराची किल्ली असते, नवऱ्याच्या जुडग्यातून काढलेली. सगळा दिवाणखाना भरलेला असताना दिग्दर्शक आपल्याला फक्त तो हात दाखवतो! प्रमुख व्यक्तिरेखा कोण, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही. पुढे तळघरातल्या बाटलीत युरेनियमचे खनिज निघते, सकाळी किल्ली जुडग्यात परत आलेली नवऱ्याला दिसते, आणि तो ही गोष्ट सांगायला जातो कोणाकडे, तर आईकडे. सुनेच्या कॉफीत विष घालण्याचा बेत सासूच रचते. या चित्रपटाला गुप्तहेरपट म्हणतात खरे, पण किल्ल्यांचा जुडगा, कॉफीचा कप आणि सासूची नजर ही सगळी घरातलीच हत्यारे आहेत. ‘राझी’तही घर आहे, जुना नोकर आहे आणि जाऊ आहे. ती जाऊ आपल्या अमृता खानविलकर यांनी केली आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे सगळे ओझे तिच्या चेहऱ्यावर उतरते, कारण नवरा तिचाच जातो.

बॉण्डपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. 1962 च्या पहिल्या चित्रपटात नायिका समुद्रातून बाहेर येते तीच मुळी निम्मा चित्रपट सरल्यावर, आणि तिच्या तोंडचा आवाजही दुसऱ्याच बाईचा आहे. जिला स्वतःचा आवाजसुद्धा मिळू दिला नाही, तिच्या हाती माहिती कोण देणार? त्या मालिकेत 2006 च्या ‘कसिनो रोयाल’मधील व्हेस्पर मात्र मी मानते, पैसा तिच्या ताब्यात असतो, नायक जुगारात हरल्यावर आणखी पन्नास लाख डॉलर मागतो तेव्हा ती चक्क नकार देते, आणि तिचे खरे दुखणे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. मारामारीचे म्हणाल, तर 2010 च्या ‘सॉल्ट’मधली मुख्य भूमिका मुळात पुरुषासाठी लिहिलेली होती, नंतर ती अँजेलिना जोलीकडे आली. चित्रपट वेगवान आहे, मला आवडलाही. पण जी भूमिका नाव बदलून स्त्रीला देता आली, तिच्यावरून स्त्री व्यक्तिरेखेची व्याख्या करता येईल असे मला वाटत नाही.

‘हमाली’ या शब्दाला खरे उत्तर चित्रपटाबाहेर आहे. नूर इनायत खान यांचे वडील बडोद्यात जन्मलेले सुफी गायक. दुसऱ्या महायुद्धात जून 1943 मध्ये ब्रिटिशांनी नूर यांना वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवले, आणि पॅरिसमधले त्यांचे सहकारी एकामागून एक पकडले जात असतानाही त्या संदेश पाठवत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. सप्टेंबर 1944 मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. त्या पकडल्या गेल्यानंतर जर्मनांनी त्यांच्याच यंत्रावरून लंडनला संदेश धाडले आणि लंडनची काही काळ फसगत झाली. मोर्सवर काम केलेल्या माणसाला यातले गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येकाचा की वरचा ‘हात’ निराळा असतो. आमच्या शेजारच्या कचेरीतल्या सिग्नलरला सर्दी झाली आहे, हेसुद्धा मला त्याच्या कडकट्टवरून कळत असे. निरोप हमाल वाहत असता, तर एका बाईच्या हाताची नक्कल करण्याचा एवढा खटाटोप शत्रूने केला नसता. भाऊजींना हे मी तीनदा सांगितले आहे, आणि तिन्ही वेळा त्यांनी विषय बदलला आहे.

माझ्या व्याख्येतून काही जणी निसटतात, हे मान्य करते. 1995 पासून ज्युडी डेंच यांनी साकारलेली गुप्तहेर खात्याची प्रमुख कोणाच्या घरात राहत नाही, चोरून काही पाठवत नाही, आणि तरीही ती असली की समोरचा बॉण्ड पोरगेला दिसतो. ‘राझी’विषयीही एक सांगायला हवे: नायिकेचे रडणे भाऊजींना खटकले तसे मला खटकले नाही, परंतु तिच्या प्रशिक्षणाचे प्रसंग मला फार घाईचे वाटले. बोट बसायला महिनोन् महिने लागतात.

आणि कायद्याचे म्हणाल, तर त्या दिवशी तारवाला बाहेर असताना ती तार मी स्वतः घरी नेऊन सासूबाईंच्या हातात देऊ शकले असते. पोस्टमास्तरांना विचारले असते, तर त्यांनी नाही म्हटले नसते. मी विचारले नाही, कारण ते पाकीट सासूबाईंच्या हातात ठेवण्याची माझी छाती झाली नाही. मला वाटले, दुसऱ्या कोणी तरी द्यावे. पत्र लिहिताना माझा हात का कापला नाही, हे मात्र मला अजूनही नीटसे सांगता येत नाही.

आपण पटकथेसाठी विचारत असाल, तर आधी ‘नटोरियस’ पाहावा, आणि किल्लीच्या प्रसंगात त्या बाईचा चेहरा नव्हे, मूठ पाहावी.