पिंजऱ्यात जन्मलेला वाघ माणसाळतो का?

प्रश्न: परवा सगळे राणीच्या बागेत गेलो होतो. आमचे मिस्टर म्हणतात, पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला माणसांची सवय असते, तो काही करत नाही. खरंय का? आणि अशा प्राण्याने ओरबाडलं तर रेबीजची इंजेक्शनं लागतात का, की ती फक्त कुत्र्यासाठी?
– एक वाचक, परळ

उत्तर: ताई, सवय होते हे खरं, पण त्यानेच तर घोळ होतो. जंगलातला वाघ माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतो, पिंजऱ्यातल्याची ती भीती मोडलेली असते आणि शिकारीचा स्वभाव मात्र जिथल्या तिथे. दिल्लीच्या झूमध्ये २०१४ ला एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि जीवाला मुकला, तो वाघ झूमध्येच जन्मलेला. लास वेगासला रॉय हॉर्न नावाचे जादूगार २००३ मध्ये शोमध्ये होते, वर्षानुवर्षं सोबत असलेल्या वाघाने त्यांची मान धरली, ते वाचले पण अर्धांगवायू झाला. वाघ चिडला होता की मालकाला चक्कर आली म्हणून ओढत होता यावर नंतर बराच वाद झाला, पण वाघाने प्रेमाने जरी मान धरली तरी दात वाघाचेच ना! हत्तीचं तर विचारूच नका, माजावर आला की रोज खायला घालणाऱ्या माहुतालाही ओळख दाखवत नाही.

आणि अशा घटनांत खूपदा सापडतो तो कीपर, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारा. रोज तेच काम, तोच दरवाजा, एखाद दिवशी कडी लावायची राहते आणि झालं. राणीच्या बागेत तुम्ही काचेच्या अलीकडून बघता, तुम्हाला तशी भीती नाही, फक्त कठड्यावर पोरं बसवून फोटो काढायची हौस आवरा (मिस्टरांनाही सांगा).

आता जखमेचं. वाघ-बिबट्याच्या चाव्यात वरून लहान भोकं दिसतात पण सुळे आत खोलवर गेलेले असतात आणि तोंडातले जंतू तिथेच सोडून येतात, म्हणून जखम दिसायला छोटी असली तरी घरी पट्टी बांधून बसू नका आणि डॉक्टरांनी लगेच टाके घातले नाहीत तर त्यांच्याशी भांडू नका, आत घाण कोंडू नये म्हणून ते मुद्दाम थांबतात. मानेला धरलं असेल तर मान हलवू न देता रक्त दाबून धरायचं आणि सरळ मोठं हॉस्पिटल.

साधं ओरबाडलं असेल तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो, तेव्हा हो, लस लागते, रक्त आलं असेल तर जखमेत सिरमसुद्धा (रेबीजच्या विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) भरतात आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. रेबीजची लस महापालिकेच्या हॉस्पिटलात फुकट मिळते, त्याच दिवशी जा, आणि पुढच्या तारखा चुकवू नका.