मोर बसतो, पण बोट टेकत नाही

प्रश्न : माझी मुलगी ७ महिन्यांची आहे. ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हटले, तरी ती तळहातावर बोट टेकवत नाही. शिवाय माझा आवाज बेसूर आहे. मोबाइलवरची बडबडगीते लावली तर चालतील का?

उत्तर : तर्जनी वेगळी काढून टेकवणे बहुतेक बाळांना ९ ते १२ महिन्यांच्या सुमारास जमू लागते, म्हणून तूर्त तिचे बोट आपल्या चिमटीत धरून आपणच तिच्या तळव्यावर टेकवावे आणि ‘भुर्रकन’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावे, त्या थांबण्यात ती आपल्या ओठांकडे टक लावून पाहील आणि पुढे कदाचित हात आधीच उचलू लागेल. मोबाइल तिच्यासाठी असा थांबत नाही. सुराची काळजी सोडावी (आमचे आजोबाही बेसूरच म्हणत). तिने मान फिरवली, की मोराला उडू द्यावे.