‘केमिस्ट्री राहिली होती, आता मेडिकल कसलं?’

बारावीचा आणि मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की जून-जुलैत माझ्याकडे, म्हणजे प्रवेशाच्या समुपदेशकाकडे, एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. बारावीला एक विषय राहिला, पुरवणी परीक्षेत सुटला, पण टक्के पडले. मध्ये बीएस्सीला नाव घातलं आणि सोडलं. नीट दोनदा देऊन झाली. असा रेकॉर्ड घेऊन मेडिकलचा फॉर्म भरायचा तरी कशाला? बार्शी-मोहोळकडची मुलं विचारतात, शहरातली विचारतात, आणि बहुतेक वेळा मुलांच्या आधी त्यांचे वडील विचारतात. या सगळ्यांसाठी एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच बैठका थोडक्यात आणल्या आहेत.

राहायला सोलापुरात, विडी कामगारांच्या विडी घरकुल वसाहतीत. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आई विड्या वळते. दहावीला 91 टक्के. अकरावीला एका क्लासला घातलं, कॉलेज फक्त नावाला. बोर्डाचा अभ्यास शेवटच्या महिन्यात उरकतो, असं क्लासमध्ये सांगितलं जायचं आणि तिने ते खरं मानलं. फेब्रुवारीच्या परीक्षेत फिजिक्सला 41, बायोलॉजीला 52 आणि केमिस्ट्रीत नापास. पुरवणीत केमिस्ट्री 46 गुणांनी सुटली. पहिल्या नीटमध्ये 204, दुसऱ्या नीटमध्ये 318.

पहिल्या भेटीत वडीलच बोलत होते. “पोरगी हुशार होती की वो मॅडम. दहावीला घरकुलात पेढे वाटले आम्ही. आमच्या गल्लीतले लोक आपल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचं नाव घ्यायचे, दुसरा कोटणीस होणार म्हणायचे. आता तोंड चुकवून जावं लागतं.”

मुलगी खाली बघत फाईलची नाडी बोटाला गुंडाळत होती. मी तिला विचारलं, “तुला काय विचारायचंय?”

“बीएस्सी परत सुरू करू की लॅब टेक्निशियनचं डीएमएलटी करू, एवढंच सांगा.”

“आणि मेडिकल?”

“ते बंद झालं. पीसीबीला पन्नास टक्के लागतात. मला सेहेचाळीस आहेत.”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की नियम आधी स्पष्ट सांगून टाकते. एमबीबीएसच्या पात्रतेसाठी बारावीचे फक्त फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे, म्हणजे पीसीबीचे, गुण एकत्र धरतात. आपल्या बोर्डात प्रत्येकी 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिक, म्हणजे एकूण 300. खुल्या प्रवर्गाला त्यातले 150 लागतात, राखीव प्रवर्गाला 120, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांग विद्यार्थ्याला 135. इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं, पण तिचे गुण या बेरजेत येत नाहीत. दहावीचे गुण, गणिताचे गुण, बारावीची एकूण टक्केवारी, कशाचाच इथे संबंध नाही. इथेच अनेकांची फसगत होते. तिन्ही विषयांत 35-35 मिळवलेला मुलगा बारावी पास असतो, पण त्याची बेरीज 105 होते आणि तो कुठल्याच प्रवर्गात पात्र ठरत नाही. उलट एक विषय पुरवणीत सोडवलेला मुलगा 150 च्या वर असेल तर पूर्ण पात्र असतो. कितव्या प्रयत्नात सुटला म्हणून एक गुणही कापला जात नाही. गुणवत्ता यादी नीटवर लागते. नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही आता नाही. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत, एवढंच.

या मुलीकडे ओबीसीचा दाखला होता. 41, 46 आणि 52, म्हणजे 139. लागतात 120. इतके दिवस ती ज्या दाराला बंद समजत होती ते तिच्यासाठी कधी बंद झालंच नव्हतं. मी बेरीज कागदावर मांडली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

वडिलांचे डोळे भरून आले. मुलीचा चेहरा मात्र उतरला.

समुपदेशकाने अशा क्षणी बोलायचं थांबायला शिकलं पाहिजे. चांगली बातमी ऐकून माणूस खचतो, तेव्हा आधीच्या वाईट बातमीने त्याला कसला तरी आधार दिलेला असतो. तो आधार कोणता, हे कळल्याशिवाय पुढचा सल्ला वाया जातो. पुढच्या भेटीला मी तिला एकटीलाच बोलावलं.

“आपण अपात्र आहोत असं धरलं, तेव्हा काय बरं वाटत होतं?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “नियमानेच बाहेर काढलं होतं ना. मग 318 चा प्रश्नच येत नव्हता.”

“आणि आता?”

“आता ते 318 माझे झाले.”

त्या वाक्यावर आमची खरी सुरुवात झाली. नीटनंतर उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत नोंदवलेल्या ईमेलवर येते. ती तिने उघडलीच नव्हती. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीने जाहीर केलेल्या उत्तरांशी एकही प्रश्न ताडून पाहिला नव्हता. “का नाही उघडली?” या प्रश्नावर उत्तर आलं, “त्यात काय असणार? मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही, हेच.”

माझी धारणा वर्षानुवर्षं पक्की होत गेली आहे: माणसाला घटना जेवढी अडवते, त्याहून जास्त त्या घटनेवर त्याने स्वतः लिहिलेला शेरा अडवतो. एका परीक्षेत केमिस्ट्रीचे गुण कमी पडले, ही घटना. ‘मी लायक नाही’ हा शेरा. घटना तपासता येते, शेरा नुसता सोसावा लागतो. म्हणून मी धीर देण्यात वेळ घालवत नाही, तपासायला लावते. तिला मी दोन कामं दिली. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका पूर्ण वाचायची आणि पुरवणीत पास झालेल्याला कुठे कमी लेखलंय ते शोधायचं. आणि उत्तरपत्रिका उघडायची.

पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. “मॅडम, पुस्तिकेत तसं कुठेच नाही.” आणि लगेच, “ही बघा उत्तरपत्रिका.” आवाजात राग होता. राग मला चालतो, त्यात जोर असतो.

तिचे आकडे असे होते. फिजिक्समध्ये 14 बरोबर, 25 चूक, 6 सोडलेले. केमिस्ट्रीत 21 बरोबर, 21 चूक, 3 सोडलेले. बायोलॉजीत 60 बरोबर, 16 चूक, 14 सोडलेले. बरोबर उत्तराला 4, चुकीला उणे 1. म्हणजे 31, 63 आणि 224. एकूण 318.

दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बसणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब मांडावा, कारण एकूण गुणांचा आकडा काहीच सांगत नाही. चुकलेला प्रश्न बरोबर आला तर 5 गुण वाढतात, सोडलेला बरोबर आला तर 4. तिच्या बायोलॉजीतल्या 16 चुकांत 80 गुण पडून होते आणि सोडलेल्या 14 प्रश्नांत 56. त्या 16 चुकांचे आम्ही गट केले. पाच ठिकाणी ‘अयोग्य विधान ओळखा’ हे वाचलंच नव्हतं. नऊ ठिकाणी दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला होता. फक्त दोन प्रश्न न केलेल्या धड्यांतले होते. म्हणजे बायोलॉजी तिला येत होती, पुस्तकातली ओळ अचूक आठवत नव्हती. फिजिक्सचं चित्र उलटं. चार प्रश्नांना डोळे झाकून गोळे केले तर सरासरी एक बरोबर येतो, 4 मिळतात आणि 3 जातात. 39 प्रश्नांत नुसत्या अंदाजानेही दहाएक बरोबर आले असते, तिचे आले 14. तिथे विषयच उभा करायचा होता.

“म्हणजे मी ढ नाहीय,” ती म्हणाली. “फिजिक्स केलंच नाहीय.”

हे तिने स्वतः म्हटलं, याचं मला समाधान आहे. मी म्हटलं असतं तर ते कौतुक झालं असतं आणि दोन दिवसांत विरलं असतं.

तिसऱ्यांदा नीट द्यायला गॅप घ्यायचा की नाही, हे याच वहीवरून ठरवावं. पुढचे शंभर-दीडशे गुण कुठून येणार ते धड्यांच्या नावासकट लिहिता येत असेल तर घ्यावा. ‘यंदा मन लावून करीन’ एवढंच लिहिता येत असेल तर घेऊ नये. तोच क्लास, त्याच नोट्स आणि तीच झोप ठेवून वर्ष वाढवलं की गुण फारसे हलत नाहीत.

तिच्या वेळापत्रकात दोन गोष्टी सोलापूरच्या होत्या. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घर उलटंपालटं होतं. तो दिवस तिने अभ्यासातून वजाच केला, फक्त चुकांची वही चाळायला ठेवला. आधी दर वेळी त्या दिवसाचं बुडालेलं ‘भरून काढायच्या’ नादात पुढचे दोन दिवस बिघडायचे. दुसरं म्हणजे नीट असते दुपारी दोन वाजता, मे महिन्यात. दुपारी पंख्याखाली झोपायची सवय असलेलं शरीर त्या वेळी चालत नाही. मार्चपासून तिने सराव पेपर दोन ते पाचमध्येच सोडवले. शिवाय बोर्डाची पुस्तकं बाजूला ठेवून बायोलॉजी एनसीईआरटीच्या पुस्तकातून ओळ न् ओळ केली.

कागदांचं मात्र मी कळकळीने सांगते, कारण गुण असूनही तिथे मुलं अडकतात. तिचा 120 चा नियम जातीच्या दाखल्यावर उभा होता आणि जात वैधता प्रमाणपत्र काढलंच नव्हतं. ते मिळालं नाही तर प्रवर्ग जातो, आणि मग 139 गुण 150 पेक्षा कमीच. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळाला तर उत्तम. अर्जाला कॉलेजचं पत्र जोडावं लागतं आणि समितीकडे महिने जातात, त्यामुळे हे काम निकालानंतर काढायचं नाही. नॉन-क्रिमीलेअर चालू मुदतीतलं हवं, आणि अखिल भारतीय 15 टक्के कोट्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो. गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवावं. बीएस्सीला नाव घातलं असेल तर मूळ शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात अडकलेला असतो, प्रवेश रद्द करून तो वेळेत सोडवून घ्यावा. फॉर्ममध्ये बारावीचा बैठक क्रमांक आणि वर्ष, ज्या परीक्षेत उत्तीर्ण झालात तिचं भरावं. लाजेपोटी फेब्रुवारीचं भरणारी मुलं मी पाहिली आहेत. पडताळणीत ते जुळत नाही आणि नसता संशय ओढवतो.

खुल्या प्रवर्गात आणि 150 च्या खाली असाल तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. ती पास झाल्यानंतरच्या लगतच्या ठरावीक परीक्षांपुरतीच मिळते, म्हणून कॉलेजच्या कार्यालयात लगेच चौकशी करा. ‘बारावी परत कर्नाटकातल्या विजापुरातून करतो’ हा आपल्याकडचा आवडता उपाय मात्र टाळा. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. टक्के सुधारायच्या नादात तो हक्कच जातो.

मध्येच तिचे वडील एका एजंटाचं पत्रक घेऊन आले. परदेशात एमबीबीएस, गुणांची अट नाही. “अट आहे,” मी सांगितलं. परदेशी जायलाही नीट पात्रता लागते, बारावीची पीसीबीची अट लागते. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, त्यावर तिथली एक वर्षाची इंटर्नशिप, परतल्यावर इथली परीक्षा आणि पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. डोनेशनच्या गप्पांचंही तेच, व्यवस्थापन कोट्यालाही नीट आणि पीसीबी सुटत नाही. ‘क्वालिफाय’ या शब्दानेही हुरळू नये. 2025 ला खुल्या प्रवर्गाची पात्रता 720 पैकी 144 वर होती, सरकारी जागा त्याच्या कितीतरी वर संपल्या.

वडिलांची खरी भीती फीची होती. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर त्यांनी मुलीला रोज “किती पडले?” विचारणं आपणहून सोडलं. घरात त्या प्रश्नाने किती हवा घेतली होती, ते तो थांबल्यावर तिघांनाही कळलं.

पसंतीक्रम भरायच्या आधी ती शेवटची आली. एमबीबीएस होईल का, असं तिने विचारलं नाही. “सरकारी एमबीबीएस आधी लिहिते, मग सरकारी आणि अनुदानित बीएएमएस. फिजिओथेरपी टाकत नाही, मला ते करायचं नाहीय. खासगी एमबीबीएसची माफीनंतरची उरलेली फी पप्पांशी बोलून ठरवते.” वर्षभरापूर्वी हीच मुलगी मला डीएमएलटीबद्दल विचारत होती, आणि ते तिला आवडत होतं म्हणून नव्हे.

पसंतीक्रमाबद्दल एवढंच सांगते: खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून वरचा पर्याय गाळू नका आणि जिथे जायचं नाही ते कॉलेज यादी लांबवायला टाकू नका. मिळाल्यावर न गेलात तर नियम आडवे येतात. तिला तिच्या यादीतलं बीएएमएस मिळालं आणि ती आता पहिल्या वर्षाला आहे. वैधता प्रमाणपत्र तिच्या हातात मे महिन्यात पडलं होतं, अर्ज केला होता आधीच्या ऑगस्टात.